अकरा बाहेर

१

काय करता म्हणून कोणी विचारलं की मी सांगते, शार्क मोजते. मग समोरचा हसतो आणि विषय बदलतो. मला ते बरंच पडतं, मलाही फार बोलायची हौस नाही.

आमच्या खाडीत अकरा मोठे शार्क आहेत. म्हणजे असतील जास्तही, पण पोटात टॅग शिवलेले अकरा. टॅग बोटाएवढा असतो आणि दर दीड मिनिटाला एक आवाज काढतो, आपल्याला ऐकू न येणारा. तो ऐकणारी सहा यंत्रं खाडीच्या तळाशी बांधून ठेवली आहेत. त्यांना आम्ही कान म्हणतो. प्रत्येक कानावर एक तरंगतं पिंप आणि पिंपावर एरियल. कानानं काही ऐकलं की माझ्या टेबलावरचं मशीन 'टक्' करतं आणि पडद्यावर नंबर उमटतो. वीस वर्षं झाली, मी ती टकटक ऐकते आहे. सुट्टीच्या दिवशी घरात ती नसते तेव्हा मलाच चुकल्याचुकल्यासारखं होतं.

डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, शार्कना नुसते नंबर दिलेत. मुकादम, जाऊबाई, उधळ्या ही नावं माझी. बाईंना ते पटत नाही, शास्त्रात असं चालत नाही म्हणतात. पण नावं ठेवायला मी आजवर कोणाची परवानगी घेतलेली नाही.

वादळ यायचं असलं की ही मंडळी निघून जातात. हवामान खात्याला पत्ता लागायच्या आधी. हवेचा दाब उतरायला लागला की त्यांना कानाच्या आत कुठेतरी कळतं आणि ते उथळ पाणी सोडून खोल समुद्राकडे निघतात. पहिला कान, दुसरा, तिसरा, असं करत खाडीच्या तोंडाशी सहाव्या कानाला शेवटचं टक् वाजवतात आणि गडप. वादळ ओसरलं की आठवडाभरानं परत हजर.

ते गेले की आमची धावपळ सुरू होते. वादळात कान फुटतात आणि नवीन यायला वर्ष लागतं, म्हणून आधीच सगळे वर काढून ठेवायचे. त्यासाठी पाण्यात उतरतो माझा धाकटा भाऊ. नियम एकच. अकराच्या अकरा बाहेर गेले असं मी वायरलेसवर सांगेपर्यंत त्यानं पाण्यात पाय घालायचा नाही. जाण्याआधी ते आधाशासारखे खातात आणि काय खातोय ते बघत नाहीत. थोडक्यात, माझं मोजणं चुकलं तर माझा भाऊ गेला.

आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी एकोणीस. आता तो सहा फुटांचा बाप्या आहे, त्याला बायको आहे, चार वर्षांची मुलगी आहे. तरी मी त्याला बारक्याच म्हणते आणि तो ओ देतो.

२

त्या दिवशी सकाळी सातपासून भिंतीवरच्या दाबाच्या काट्यानं मान टाकायला सुरुवात केली. नऊ वाजेपर्यंत दहा जण बाहेर गेले. जाऊबाई नेहमीप्रमाणे मागे. दर वेळी तिचं तेच, सगळे गाडीत बसले की हिला काहीतरी आठवणार. शेवटी दहा चाळीसला तिनं सहाव्या कानाला टक् केलं आणि मी कागदावर शेवटची खूण केली.

वायरलेसवर सांगितलं, "अकरा बाहेर. उतर."

बारक्या बोटीवर तयारच होता. म्हणाला, जाऊबाईला पोचवायला गेली होतीस की काय. मी म्हटलं, जास्त शहाणपणा नको, दुपारच्या आत सहाही कान टेबलावर हवेत. बोट चालवायला आमचे काका होते. सख्खे नव्हेत, सगळा धक्का त्यांना काका म्हणतो. माणूस बोलायला कमी, पण वेळेला पक्का.

बाहेर आभाळ शिळ्या चहाच्या रंगाचं झालं होतं आणि वारा अजिबात नव्हता. खाली रस्त्यावर लोक दुकानांच्या फळ्या ठोकत होते. बारक्यानं आणि काकांनी खाडीच्या तोंडापासून आत यायचं ठरवलं होतं, म्हणजे आधी सहावा, मग पाचवा. दोन्ही कान वीस-वीस मिनिटांत वर आले. वर काढलेले कान तसेच चालू राहतात, इथे आल्यावर मी बंद करते. पाण्याबाहेर ते ठार बहिरे. टॅग अगदी चार हातांवर असला तर ऐकतील, एरवी नाही.

मी चहा टाकला आणि कोपऱ्यातल्या कपाटात कानांसाठी जागा करायला लागले.

३

टक्.

पडद्यावर काही नव्हतं. मशीननं आवाज केला आणि नंबर आला नाही, असं वीस वर्षांत मी पाहिलं नव्हतं. वायर सैल असेल म्हणून मागून घट्ट केली. एक थापही दिली, जुन्या यंत्रांना ती भाषा कळते. दीड मिनिटानं पुन्हा टक्. पडदा कोरा.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

पडद्यावर फक्त यादीतले नंबर दिसतात. यादीतून काढलेला नंबर कानानं ऐकला तरी पडदा तो गिळून टाकतो. मशीनच्या मागे मात्र कागदाचा एक रोल फिरत असतो, त्यावर सगळं छापलं जातं. तो रोल महिना महिना कोणी बघत नाही. मी झाकण उघडून बघितलं. दोनदा छापलं होतं: चौथा कान, नंबर बावीस.

बावीस नंबर मी माझ्या हातानं यादीतून काढला होता, सहा महिन्यांपूर्वी.

तिला मी थोरली म्हणायचे. चौदा फुटांची मादी, खाडीतली सगळ्यांत मोठी. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात बाकीचे सगळे गेले आणि ती गेली नाही. बारक्याला त्या वेळी आम्ही पाण्यात उतरू दिलं नाही, सहाही कान फुटू दिले. मी बाईंना विचारलं होतं, ती अडकली असेल का? बाई म्हणाल्या होत्या, "मोठे शार्क वादळात अडकत नाहीत. थांबतात. वादळ किनाऱ्यावरून काय काय ओढून आणतं, विचार कर. गुरं, कुत्री, माणसं. बाकीचे जिवाला भिऊन जातात, हे जेवायला थांबतात."

त्या वादळात खालच्या गल्लीतली चौदा माणसं गेली. त्यातल्या पाच जणांचाच पत्ता लागला. वर्षानं नवीन कान आले, पण थोरली त्यातल्या कुठल्याच कानाला ऐकू आली नाही. सहा महिने वाट बघितली, टॅगच्या बॅटरीची मुदतही संपून गेली, तेव्हा मी तिचा नंबर खोडला. सकाळपासून मी अकरा मोजत बसले होते. बारावी यादीतच नव्हती.

४

वायरलेसवर काका म्हणाले, तो खाली आहे, चौथ्या कानाला. मी म्हटलं, दोरी ओढा, आत्ताच्या आत्ता वर घ्या त्याला. त्याच्या कमरेला दोरी असते, तीन हिसके म्हणजे वर ये. काकांनी हिसके दिले. दोरी सैल लागतेय म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, दोरीचं टोक हातात आलं.

टक्, चौथा कान, बावीस. दीड मिनिट. टक्, चौथा कान, बावीस.

त्याच्या पाठीवरची हवेची टाकी चाळीस मिनिटं पुरते. काटकसर केली तर पंचेचाळीस. मी घड्याळ समोर ठेवलं. चाळीस झाली. पंचेचाळीस झाली. मी खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले, एवढंच करत होते. काकांना सांगितलं, तुम्ही पाण्यात हात घालू नका. माझ्या तोंडून हे निघालं कसं, देव जाणे. पंचावन्नाव्या मिनिटाला मी त्याच्या बायकोला काय सांगायचं ते मनात जुळवत होते आणि एकही वाक्य पुरं होत नव्हतं. मीच त्याला उतर म्हटलं होतं. हे कोणत्या वाक्यात बसवणार?

एक तास आणि दहा मिनिटं झाली तेव्हा काका म्हणाले, "आला. वर आला. कान घेऊन आला."

मी टेबलावर डोकं ठेवून रडले, अगदी हुंदके देऊन. बारा वर्षांत रडले नव्हते. नाक पुसत होते तेवढ्यात मशीननं तीनदा टक् केलं, लागोपाठ. सहावा कान, पाचवा कान, चौथा कान. तिन्हीकडे बावीस.

तिन्ही कान बोटीच्या तळाला पडले होते, हवेत. टॅग त्यांच्यापासून चार हातांवर होता.

आणि मग मला हसू फुटलं. अगं वेडे, मी स्वतःलाच म्हटलं, थोरली मरून दोन वर्षं झाली. हाडं, मांस सगळं विरघळलं, टॅग तेवढा चौथ्या कानापाशी चिखलात पडून राहिला. आज याच्या हालचालीनं चिखल उकरला गेला आणि टॅग उघडा पडला. या पठ्ठ्यानं तो उचलून खिशात घातला असणार, ताईला दाखवायला. बॅटरी मुदतीपेक्षा जास्त चालली, चालतात काही. टाकीचं म्हणाल तर माझंच घड्याळ बघण्यात काही चुकलं असेल. सगळं कसं नीट बसलं. मी गार झालेला चहा पिऊन टाकला.

तिसरा, दुसरा, पहिला कान अर्ध्या तासात वर आले. जो वर येई तो बोटीत येताच टक् करायला लागे.

५

काका कान घेऊन जिन्यानं वर आले, पण आत येईनात. बारक्या त्यांच्या पुढून आत गेला, मला ओलांडून, आणि खिडकीशी उभा राहिला. मी काकांना चहा विचारला. ते मान हलवून नको म्हणाले आणि मला दाराबाहेर बोलावलं.

"टाकी नव्हती पाठीवर," ते हळू आवाजात म्हणाले. "खाली पडली म्हणाला. पुढचे तीन कान त्यानं तशीच बुडी मारून काढले. मी दुसरी टाकी पुढे केली तर घेतली नाही. ताई, मी चाळीस वर्षं बोट हाकतोय. मी आता माझ्या माणसांना घेऊन वरच्या शाळेत जातो. तुम्हीपण जा."

ते जिना उतरून गेले, मागे वळून न बघता. मी आत आले. सगळी गल्ली, सगळा धक्का सकाळपासून टेकडीवरच्या शाळेत चालला होता, त्यात काही नवल नव्हतं.

"टॅग दे," मी बारक्याला म्हटलं.

"कसला टॅग?"

मस्करी करतोय वाटलं. त्याची पिशवी मी टेबलावर उलटी केली. चाकू, हातमोजे, दोरीचा तुकडा, डबा. डबा सकाळी जसा भरून दिला होता तसाच भरलेला. टॅग नव्हता. मी एक कान उचलला, पिशवी आणि तिच्यातलं सगळं बाथरूममध्ये नेलं, दार लावलं आणि पाच मिनिटं थांबले. बाहेर येऊन रोल बघितला, त्या पाच मिनिटांत या कानाची एकही नोंद नव्हती. कान पुन्हा टेबलावर ठेवला. टक्.

तो अजून रबरी सूटमध्येच होता आणि चालत होता. भिंतीला धरून, खिडकी, कपाट, दार, टेबल, पुन्हा खिडकी. वळताना खांदा भिंतीला लागत नव्हता, पण सुटतही नव्हता. मी म्हटलं, बस रे, दमला असशील. बसलो की गुदमरल्यासारखं होतं म्हणाला. खाली जास्त वेळ राहिलं की पाणबुड्यांच्या रक्तात हवा अडकते, माणूस सैरभैर होतो, हे मला माहीत आहे. मी ते स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या बाहेरगावी होत्या. त्या म्हणाल्या, बावीसचा टॅग आज चालूच शकत नाही, तू दमली आहेस, मशीन बंद कर आणि शाळेत जा.

"नऊशे ब्याऐंशी," बारक्या म्हणाला.

मी काट्याकडे बघितलं. नऊशे ब्याऐंशी. काटा त्याच्या पाठीमागे होता आणि त्यानं मान वळवलेली मी पाहिली नव्हती. थोड्या वेळानं म्हणाला, एक्याऐंशी. काटा माझ्या डोळ्यांदेखत हलला, त्यानं म्हटल्यानंतर.

मी विचारलं, खाली काय झालं? तो म्हणाला, काही नाही, छान होतं, शांत होतं. आवाज त्याचाच. डाव्या भुवईवरचा व्रण त्याचाच, तो माझ्या हातून पाटा निसटून झालेला. मी जवळ जाऊन त्याचा हात धरला, तेवढ्यापुरतं मीही त्याच्याबरोबर दोन फेऱ्या मारल्या. हात गार होता, पण पाण्यातून आलेल्याचा हात गारच असतो.

"ताई, मी घरी जातो," तो म्हणाला. "त्या दोघी वाट बघत असतील."

"घरी कशाला? त्यांना घेऊन शाळेत ये. तुझं घर खालच्या गल्लीत, तळमजला. संध्याकाळपर्यंत छातीएवढं पाणी येईल."

"हो," तो म्हणाला. "येईल तोवर घरीच थांबू. तिघं."

६

मी त्याला म्हटलं, आधी अंगावरचं खारं पाणी धुऊन घे, असा गेलास तर तुझी बायको मलाच बोलेल. तो शहाण्यासारखा बाथरूममध्ये गेला. नळ सोडल्याचा आवाज आला. मग नळ चालूच राहिला आणि पाणी दाराखालून बाहेर यायला लागलं.

दार पुरतं लागलेलं नव्हतं. मी फटीतून बघितलं. मोठं बेसिन काठोकाठ भरून वाहत होतं आणि तो त्यात चेहरा बुडवून उभा होता, हात दोन्ही बाजूंना सैल सोडून. डोळ्यांतलं मीठ धूत असेल. मी आकडे मोजले. दोनशेपर्यंत मोजले. खांदे हलले नाहीत, बुडबुडा आला नाही. पाण्याखाली त्याचे डोळे उघडे होते आणि ते माझ्याकडे बघत होते.

मी मागे सरले.  टेबलावरून मी त्याच्या घरी फोन लावला. भावजयीनं पहिल्या घंटेला उचलला. ती मला ताईच म्हणते, वन्सं म्हटलं की मी चिडते. म्हणाली, अजून आले नाहीत का ते? शेजारचे सगळे गेले, आम्ही दोघीच राहिलो आहोत, छकुली रडतेय.

"तिला उचल आणि शाळेत जा," मी म्हटलं. "कपडे, सामान काही घेऊ नकोस. त्याची वाट बघू नकोस."

"पण ते म्हणाले होते की मी येईपर्यंत..."

"तो आला तरी जाऊ नकोस त्याच्याबरोबर. समोर येऊन उभा राहिला, हाक मारली, तरी छकुलीला त्याच्या हातात देऊ नकोस."

 छकुलीचं रडणं मला ऐकू येत होतं.

"ताई, तुमचा भाऊ आहे तो," ती म्हणाली.

"मला सांगतेस? मी वाढवलाय त्याला. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला, नीघ."

ती काहीतरी बोलली आणि लाइन गेली. त्याबरोबर दिवेही गेले. दुपारचे तीन वाजलेत आणि खोलीत तिन्हीसांजेसारखा अंधार आहे. मशीन बॅटरीवर चालतं, त्याचा हिरवा उजेड तेवढा आहे. मी दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिडकीच्या गजांतून खाली टाकली. खाली रस्त्यावर घोट्याएवढं पाणी आलं आहे, त्यात ती पडल्याचा आवाजही आला नाही. खिडकीला गज आहेत, दार लोखंडी आहे. सरकारी काम कधी नव्हे ते उपयोगी पडलं.

मी चुकत असेन. मी चुकत असेन तर उद्या सकाळी शाळेच्या आवारात, सगळ्यांसमोर त्याचे पाय धरीन, आणि मला ते फार फार आवडेल.

तो बाहेर आला. कोणाशी बोलत होतीस, विचारलं. मी म्हटलं, कोणाशी नाही. त्यानं दाराची कडी ओढून बघितली, कुलपाला हात लावला, माझ्याकडे बघितलं. रागावला नाही. लहानपणी मी त्याला खेळायला सोडलं नाही की तो असाच उभा राहायचा, हट्ट न करता.

"मी घरी जाणार होतो," तो म्हणाला.

"आज नाही," मी म्हटलं. "आज ताईजवळ राहा."

तो पुन्हा चालायला लागला. मी खुर्ची खोलीच्या मधोमध ओढून बसले आहे. हाताला काहीतरी काम हवं म्हणून रोल फाडून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हे लिहिते आहे. वारा सुटला आहे आणि छपराचे पत्रे एका बाजूनं उचलले जात आहेत. मघाशी तो नऊशे सत्तर म्हणाला. मी आता काट्याकडे बघत नाही.

आधी तो भिंतीला धरून चालत होता. मग कपाट आणि भिंत यांच्यात एक पाऊल जागा राहायला लागली, मग दोन. आता तो टेबलाच्या अलीकडून वळतो. ओल्या पावलांचा आवाज माझ्या पाठीमागून जातो, डावीकडून पुढे येतो, पुन्हा मागे. मी मान वळवत नाही. त्यानं मघाशी एकदा माझ्या केसांवरून हात फिरवला, हलकेच, चालता चालता.

शाळेला साठ पायऱ्या आहेत. खालच्या गल्लीतून छकुलीला कडेवर घेऊन भराभर निघालं तर पंधरा मिनिटं लागतात. त्या दोघी एव्हाना वर पोचल्या असतील.